रेती लोकांचा दगड

"वाचलास ना? बरा केलास. आता सांग."

असं म्हणायचं आणि दोन बोटांनी बाकावर टकटक करायचं, शेजारणीचं दार वाजवावं तसं. पोर धडा घडाघडा वाचून खाली बसायला निघालेलं असायचं, आणि मागच्या बाकावरून ही टकटक यायची. पोराचं तोंड उतरायचं. माझंही उतरायचं, कारण वर्ग माझा होता आणि टकटक करणाऱ्या बाईला तिथं कुणीही बोलावलेलं नव्हतं.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेलच. ना कुठलं पद, ना कसला अधिकार, पण त्याच्या मनात असल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. आमच्या उसाच्या बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावात ते माणूस म्हणजे ती. सगळं गाव तिला काकी म्हणायचं, म्हणून मीही काकीच म्हणायचे. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलेलं तिनं पाहिलं असतं, तर आधी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं असतं आणि मग त्याचा अर्थ विचारला असता. नसती आफत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी सें पिएरहून बसनं यायचे. गावच्या बैठकेत मराठी शिकवायचे. बैठक म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. तिथंच लग्नाची बोलणी, तिथंच भजन, आणि संध्याकाळी तिथंच मराठीचा वर्ग. मी नुकतीच भारतात राहून शिकून आले होते, त्यामुळे डोक्यात हवा होती. माझं मराठी पुस्तकातलं, इस्त्री केलेलं. मुलांच्या आज्या-आजोबांचं मराठी त्यांच्या बापजाद्यांबरोबर कोकणातून आगबोटीनं आलेलं, उसात वाढलेलं, क्रेओल आणि भोजपुरीशी सोयरीक केलेलं. आणि मुलांचं? मुलांचं मराठी फक्त फळ्यावर होतं. वर्ग सुटला की अंगणात सगळं क्रेओल, बेटाची ती फ्रेंचमधून निघालेली बोली.

काकी बसथांब्यापाशी गातो पिमां तळायची, म्हणजे वाटल्या डाळीचे मिरची घातलेले वडे. तळण आटोपलं की नातीचा हात धरून वर्गात यायची. नात सविता, आठ-नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या आणि हनुवटी नेहमी वर. पहिल्याच दिवशी नातीला पुढं बसवून ही स्वतः मागच्या बाकावर बसली.

"काकी, पालकांनी बाहेर थांबायचं असतं," मी म्हटलं.

"मी खय पालक? मी आजी," ती म्हणाली आणि पदर सावरून नीट टेकून बसली. भारतातल्या कॉलेजात याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं.

मला वाटायचं, ही टकटक म्हणजे म्हातारपणाचा चाळा. तसं नव्हतं. त्यामागं एक दगड होता, आणि तो आमच्या बेटावरचा नव्हता.

झालं असं होतं, की काकी पूर्वी उसाच्या इस्टेटीच्या मॅनेजरच्या बंगल्यात कामाला होती. मॅनेजरच्या मुलीनं ऑस्ट्रियाच्या एका डॉक्टरशी लग्न केलं आणि ती तिकडे डोंगरात राहायला गेली. मूल झालं तेव्हा तिला भरवशाचं माणूस हवं होतं. काकी तेव्हा नुकतीच विधवा झालेली, मुलाच्या संसारात तोंड वाढलेलं. तिनं लुगडी बांधली आणि विमानात बसली. ज्या बाईनं फ्लाकचा बाजार सोडून काही पाहिलं नव्हतं, ती काही वर्षांसाठी थेट बर्फात.

"थंडी कशी होती, काकी?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "मेल्या, नाक हाय की गेला ता हात लावून बघायचे." बर्फाबद्दल तिचं एवढंच म्हणणं. तिला बोलायचं असायचं ते दगडाबद्दल.

त्या डॉक्टरच्या मामाला जुन्या अक्षरांचा नाद होता. दाढीवाला, ढोपरापर्यंत मोजे घातलेला म्हातारा. उन्हाळ्यात एकदा सगळे त्याच्याबरोबर डोंगर चढून गेले. काकीच्या कडेवर पोर, पाठीवर जेवणाची टोपली. तिथला दगड आपल्यासारखा काळा, भोकाभोकांचा नव्हे. पांढरा, चुन्याचा. वर सरळ उभा कडा, कड्यात एक फट, फटीत झरा. आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला, ओल्या भिंतीवर, अक्षरं. काड्यापेटी सांडल्यावर काड्या पडतात तशी, सरळ नि तिरकी. दोन हजार वर्षांपेक्षा जुनी, मामा म्हणाला. त्या डोंगरांत पूर्वी राहणाऱ्या रेती लोकांची.

इथं वर्गातली पोरं हटकून हसायची. रेती म्हणजे वाळू, एवढं मराठी त्यांना यायचं. "काकी, वाळूची माणसं?"

"रेतीच त्ये," काकी म्हणायची. "नाव त्येंचा ताच. नि गेलेही तसेच, बोटांतून."

मामानं काठीनं एकेक अक्षर दाखवत, उजवीकडून डावीकडे, ती ओळ मोठ्यानं वाचली. न अडखळता. काकीला फार कौतुक वाटलं. मग तिनं आपल्या क्रेओलमध्ये विचारलं, "की सा वे दीर?" म्हणजे काय याचा अर्थ? मादामनं, म्हणजे मॅनेजरच्या मुलीनं, ते मामाला समजावलं. मामा हसला. म्हणाला, अर्थ कुणालाच नीट माहीत नाही. दोन-तीन नावं असावीत, कुठल्या तरी देवाला काही वाहिलं असावं. अक्षरं सगळी येतात, शब्द येत नाहीत. सांगणारं माणूसच उरलं नाही.

"मंग वाचतास कशाला?" काकीनं विचारलं होतं म्हणे. हे मादामनं पुढे सांगितलं की नाही, देव जाणे.

पण पाणी तर प्यायचं होतं. काकी झऱ्याकडे वळली, ओंजळ धरण्याआधी हात जोडले आणि पुटपुटली, "बाये, पानी घेतंय तुजा. राग धरू नको." मामानं विचारलं, बाई काय म्हणाली? काकीनं क्रेओलमध्ये अर्थ सांगितला, मादामनं तो त्याला पोचवला. त्यावर तो म्हातारा भिंतीकडे वळला आणि म्हणाला, कदाचित इथं हेच लिहिलं असेल.

हे सांगताना काकीचा आवाज नेहमी खाली यायचा. मग ती वर्गावर नजर फिरवायची आणि म्हणायची, "अक्षरा वाचली, पोरांनो. भाषा न्हाय वाचली."

मराठीत वाचणं म्हणजे पुस्तक वाचणं आणि वाचणं म्हणजे जिवंत राहणं, हे मला काय ठाऊक नव्हतं? व्याकरणात पहिली आले होते मी. पण हे दोन शब्द असे एकमेकांसमोर उभे केलेले मी त्या पत्र्याच्या खोलीत पहिल्यांदा ऐकले. पोरं मात्र घड्याळाकडे बघत होती.

आता त्या निरीक्षकाचं सांगते. आमच्या वर्गात मुलं कमी, म्हणून वर्ग चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला राजधानीहून, पोर्ट लुईहून, एक साहेब आले. बूट चकचकीत, केसांना तेल. मी आठ दिवस पोरांकडून एकच धडा घोटून घेतला होता. सविता सगळ्यात चांगली वाचायची, म्हणून तिला उभं केलं. "तो डोंगर उंच आहे. ती नदी डोंगरातून येते." असं स्वच्छ वाचलं पोरीनं, की साहेबांनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, सुटलो.

टक टक.

"वाचलास ना? बरा केलास. आता सांग."

मी काकीकडे असे डोळे वटारले, की दुसरी बाई उठून घरी गेली असती. ती ढिम्म. सविता आजीकडे बघत, हनुवटी वर करून, क्रेओलमध्ये अर्थ सांगायला लागली. "तुझा डोंगर उंच आहे. छोटी नदी डोंगरातून येते."

आता यात पोरीची काय चूक? आमच्या क्रेओलमध्ये 'तो' म्हणजे तुझा, आणि 'ती' म्हणजे छोटी. जगात दुसऱ्या कुठल्याच मराठी मुलीनं ही चूक केली नसती, पण आमच्या गावात ती सगळ्यांनी केली असती.

साहेबांनी भुवई वर केली. "कुणाचा डोंगर?"

सविता गोंधळली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि अदबीनं साहेबांकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमचा, मिस्ये."

वर्ग फुटला हसून. साहेबही हसले, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस, वाचन उत्तम. समज काही नाही. अशा वर्गाचा उपयोग काय? गणपतीपर्यंत बघू, मग बंद करू."

मी बसथांब्यावर काकीला गाठलं. माझा तोल गेला होता. "काकी, तुम्हाला मिळालं काय हे करून? पोरगी छान वाचत होती! साहेब खूश होते! तुमच्या त्या टकटकीपायी वर्ग बंद होणार आता. होऊ दे, तुम्ही बसा वडे तळत!"

ती तेलाखालचा जाळ कमी करत होती. मग म्हणाली, "मास्तरीण, त्या गोऱ्या पोराचा पयला शब्द कुठला, ठाव हाय?"

"कुठल्या पोराचा?"

"डाक्टराच्या. मी वाढवलेल्या. 'नको'. पयला शब्द 'नको'. बापाला वाटला फ्रेंच, आईला वाटला जर्मन." ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "मी त्येच्याशी आपल्यातच बोलायचे. दुसरा कोन होता तिथं माझ्याशी बोलायला? आनि हितं माझी नात क्रेओलात मोठी झाली. माला क्रेओल येतो गो. बाजार करते, भांडन करते. पन कुशीत घेताना माझ्या तोंडाला आपलाच येतो, नि ती नुसती बगते. त्या मामावानी. सगळा ऐकते, आनि कायबी लागत न्हाय तिला. मी जिती हाय तवर तिला लागला पायजे. मी गेल्यावर कोनाला विचारेल? दगडाला?"

बस आली. मी तिला जाऊ दिलं, बसला. दुसरी यायला पुष्कळ वेळ होता. आम्ही दोघींनी उरलेले वडे खाल्ले.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या पेटीतले खडू गायब झाले. मुलंही गायब. शोधत गेले तर सगळी वरात उसाच्या कडेला. आमच्याकडे शेतातले काळे दगड काढून बांधावर रचतात, घराएवढे ढीग होतात त्यांचे. त्या दगडांवर पोरं खडूनं लिहीत होती आणि काकी कमरेवर हात ठेवून उभी होती.

तिचा नियम साधा होता. घरी जायचं, म्हाताऱ्या माणसाकडून एक शब्द आणायचा. पुस्तकातला चालणार नाही. तो शब्द सगळ्यांना नीट सांगायचा, करून दाखवायचा, त्यावर भांडण झालं तर भांडायचं. पटलं तरच खडू हातात मिळेल. कुणी 'उखळ' आणलं, कुणी 'वाईन', म्हणजे जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, आणलं, कुणी 'चुलाण'. एका पोरानं 'हगवण' आणलं आणि करून दाखवायला लागला, तेव्हा मी मध्ये पडले.

"पावसानं पुसून जाईल ना, काकी."

"जाऊ दे. पुन्ना लिवतील."

आणि खरी गंमत सकाळी व्हायची. ऊस तोडायला जाणारी माणसं त्याच वाटेनं जायची. ज्यांना वाचता येत होतं ती थांबून वाचायची, ज्यांना येत नव्हतं ती विचारायची. एकदा कुणीतरी दगडावर 'पेंडी' लिहिलं आणि खाली उसाचं चित्र काढलं. झालं! बायांमध्ये जुंपली. उसाची ती मोळी, गवताची ती पेंडी, एवढं कळत नाही का आजकालच्या पोरांना? नाही नाही, आमच्या सासरी पेंडीच म्हणतात! मुकादम वैतागून क्रेओलमध्ये ओरडला, "आले, आले!" म्हणजे चला, चला. पाठीमागून एक म्हातारी मराठीत ओरडली, "आले रे बाबा, आले!" सगळा रस्ता हसला. संध्याकाळी मुलांना हे सांगायला त्या बाया स्वतः वर्गात आल्या. कोयते बाहेर ठेवून. माझ्या वर्गात बाकं कमी पडायला लागली.

सविता मात्र खडूला हात लावत नव्हती. आजीवर रुसली होती, साहेबांसमोर हसं झालं म्हणून. इतर लिहायची, ही दगडावर बसून पाय हलवायची. काकी फक्त रोज तिच्यासाठी एक खडू वेगळा ठेवायची. शेवटी एका संध्याकाळी पोरीनं तो उचलला आणि काहीतरी लिहायला लागली. पहिलं अक्षर वेडंवाकडं आलं. काकीला राहवलं नाही. तिनं दाखवायला म्हणून खडू घ्यायला हात पुढं केला. सवितानं हात झटकन मागे ओढला आणि किंचाळली, "नको! माझा हाय!"

काकी तिथंच मटकन बसली. मला वाटलं, चक्कर आली. धावत गेले तर बाई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, तिचं तिला माहीत. सविता घाबरली. तिला वाटलं, आपण काहीतरी वाईट बोललो. "बोल, पुन्ना बोल," काकी म्हणत राहिली. "हवा तेवढा बोल माला."

साहेब गणपतीनंतर पुन्हा आले. वर्ग दगडांवर भरला होता. ते उभ्यानंच बघत राहिले, मग रुमाल टाकून एका दगडावर बसले, आणि मोळी-पेंडीच्या वादात त्यांनी आपल्या आजीचा तिसराच शब्द काढला. बायांनी तो एकमतानं खोडून काढला. वर्ग बंद करण्याचा हुकूम काही आला नाही. चालू ठेवण्याचाही आला नाही. आमच्याकडे सरकार गप्प बसलं की त्याला होकार समजायचं असतं. मी पुढं कितीतरी वर्षं ती बस धरली.

मी खोटं कशाला सांगू, सगळी पोरं मराठी बोलायला लागली असं नाही झालं. बरीच विसरली. काही लंडनला गेली. एकजण मला परवा बाजारात भेटला, तर नमस्कारापुढं त्याची गाडी सरकेना. पण सविता बोलायची. आधी मोडकं, मग भांडणापुरतं, मग भांडण नसतानाही. ऐंशीच्या दशकात कपड्यांचे कारखाने निघाले तशी ती शिवणयंत्रावर लागली. तिथं मराठी कोण बोलणार? पण घरी आली की आजीशी बोलायची.

काकी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ऊसतोड संपत आली होती तेव्हा गेली. शेवटची मी तिला पाहिली ती त्याआधी, जुलैच्या गारठ्यात; आमच्याकडे थंडी तेव्हाच पडते. अंथरुणाला खिळली होती. साखर वाढलेली, पाय सुजलेले. डॉक्टरनं सांगितलं होतं, पायांना वारा लागू द्यायचा नाही. मी उशाशी बसले होते. बोलताना तिला धाप लागायची.

सविता कारखान्यातून आली. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. आजीचा पाय गोधडीबाहेर दिसला आणि तिचं तोंड सुटलं. "आजे! किती वेळा सांगितला तुला? पाय आत घे! मी दिसभर तिकडं मरतंय, नि तू हितं उघडे पाय टाकून पडलीस! काय झाला म्हंजे? कुनाला सांगू मी? ऐकायचा म्हनून न्हाय या बायला!"

एका दमात. मध्ये एकही क्रेओल शब्द नाही. आणि माझ्या पुस्तकातलाही एक नाही. सगळं काकीचंच होतं, हेलसुद्धा.

काकीनं गरीब गायीसारखं तोंड करून पाय आत ओढला. सविता पुटपुटत गोधडी खोचून, चहा टाकायला आत गेली. भांडी वाजली, पाणी ओतल्याचा आवाज आला.

काकीनं माझ्याकडे बघितलं. मग हळूच, अगदी हळूच, पाय पुन्हा बाहेर काढला, आणि आतल्या खोलीकडे कान लावून वाट बघत राहिली.